हवेवर थंड होणारं यंत्र

निर्णय घ्यावा तर माझ्यासारख्याने. घरातला व्हॅक्यूम क्लीनर निवडायला मला दोन वर्षं लागली, पण तो अजून कुरकुर न करता चालतोय. माझ्या मेव्हण्याने त्याचा एका दुपारी निवडला, आणि त्याच्याकडे आता तिसरा आहे. त्यामुळे निवृत्त झाल्यावर स्पोर्ट्‌स कार घ्यायचं ठरलं तेव्हा चूक व्हायचा प्रश्नच नव्हता.

ही गाडी आमच्या श्टुटगार्टमध्येच बनते. मी शिकाऊ कामगार होतो तेव्हापासून ती कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना बघत आलोय. मागे इंजिन, आणि ते थंड करायला पाणी नाही, नुसता पंखा आणि हवा. तो खरखराट कानावर आला की या वयातही मी रस्त्यात थांबून मागे वळून बघतो. पुढे पाण्यावर थंड होणारी निघाली. वेगवान, शांत, गुणी मुलीसारखी. आता घ्यायची ती जुनी की नवी? जुनी मला हवी होती आणि नवी मला पटत होती.

बायकोची, वाल्लीची, एकच अट होती.

"घ्या हो. जन्मभर एकच कोट घातलात, आता घ्या एकदाची. पण इमारतीत कुणाला कळता कामा नये. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी गाडी परत."

यात वाल्लीचं काही चुकलं नाही. आमच्या भागात पैसा असणं हा गुन्हा नाही, तो दिसणं हा गुन्हा आहे. वाल्लीच्या मावशीकडे फरचा कोट होता. तो ती फर आत आणि अस्तर बाहेर करून घालायची. ऊब मिळायची आणि लोकांची तोंडंही बंद राहायची. गाडी काही अशी उलटी करून चालवता येत नाही, म्हणून आमचं एकुलतं एक गॅरेज रिकामं करायला घेतलं.

माझी योजना चोख होती. शुक्रवारी संध्याकाळी जुनी येणार, शनिवारी दुपारी नवी. दोन्ही द्राक्षमळ्यांच्या चढावर पळवायच्या आणि निकाल लावायचा. जुनी होती माझा कारखान्यातला मित्र गेबहार्ड याची, नवी आमच्या दाताच्या डॉक्टरांची, आणि दोघांनाही विकायची होती. मी सांगितलं होतं तसं त्याने वरच इंजिन बंद केलं आणि गाडी उतारावरून अलगद आमच्या अंगणात सोडली. गॅरेजात अजून वाल्लीच्या मुरंब्याच्या बरण्या होत्या, म्हणून आम्ही गाडी अंगणातच ठेवून वर जाड कापड घातलं.

"तेल गळतं का रे?" मी विचारलं. हवेवरच्या जुन्या गाड्या तेल गाळतात, असं जो तो सांगतो.

"माझी? एक थेंब नाही," गेबहार्ड म्हणाला आणि पायी घरी गेला.

पण मी निर्णय घेणारा माणूस. वाल्लीचा केक भाजायचा ट्रे हळूच गाडीखाली सरकवून ठेवला.

एक गोष्ट मात्र या योजनेत माझ्याकडून निसटली. आमच्या इमारतीत चार बिऱ्हाडं. दर आठवड्याला एका बिऱ्हाडाच्या दाराला पाटी लटकते, आणि मग जिना, अंगण, रस्त्याची कड त्या घराने झाडायची. शनिवार हा त्याच्या तपासणीचा दिवस. तपासणीसाची नेमणूक कुणी केलेली नाही, पण खालच्या मजल्यावरच्या रोमिंगरबाई ते काम जन्मापासून करत असाव्यात. आणि त्या आठवड्यात पाटी होती आमच्या दाराला.

सकाळी झाडू घेऊन खाली आलो. ट्रे कोरडा ठणठणीत! मी खूश. मान वर केली तर रोमिंगरबाई हाताची घडी घालून स्वतःच्या गॅरेजसमोर उभ्या. त्यांच्या पायाशी, अंगणाच्या फरशीवर, बशीएवढा काळा डाग.

"ओटमारराव, आठवडा तुमचा ना?"

"आमचाच."

"मग हे काय?"

"तेल दिसतंय," मी म्हणालो. म्हणजे येता येता गळलीच की गेबहार्डची गाडी.

"तेल दिसतंय ते मलाही दिसतंय. आलं कुठून? आणि त्या कापडाखाली काय झाकून ठेवलंय?"

अशा वेळी माणसाला जे सुचतं ते सुचू नये. ऑक्टोबरचा महिना, हवेत पिकल्या सफरचंदांचा वास. मी म्हणालो, "सफरचंदाचा रस काढायचं यंत्र आहे."

"एवढं मोठं?"

"जुनं आहे. पूर्वी मोठीच असायची."

"त्याला चाकं दिसतात."

"ओढून न्यायला."

"आणि तेल?"

"घालावं लागतं, बाई. नाहीतर कुरकुरतं."

बाईंनी कापडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम मवाळ झाला. इतक्या वर्षांत तो मवाळ झालेला मी पहिल्यांदा पाहत होतो आणि तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

"मग आमच्या सफरचंदांचाही रस काढून द्याल ना? उतारावरच्या बागेत नुसता सडा पडलाय. शेजारधर्म म्हणून हो. पैसे बिसे काही घेणार नाही ना तुम्ही?"

"छे छे," मी म्हणालो.

फुकट हा शब्द आमच्या गावात वाऱ्याच्या आधी पोचतो. मी डाग घासून वर जाऊन कॉफी पितो न पितो तोच अंगणात पोती यायला लागली. दुसऱ्या मजल्यावरचे शिक्षक बादल्या घेऊन आले. त्यांच्या मागून त्यांची बहीण हातगाडी घेऊन आली. समोरच्या इमारतीतलं एक जोडपं, ज्याने मला आजवर साधा नमस्कार केला नव्हता, ते रिकामे कॅन घेऊन रांगेत उभं! वाल्ली खिडकीतून खाली बघत होती.

"अहो, काय सांगितलंत तुम्ही लोकांना?"

"कुणाला काही कळलेलं नाही. अट शाबूत आहे," मी म्हणालो.

"ते दिसतंय. पुढे काय?"

पुढे दाताचे डॉक्टर क्नाउस आले. पाण्यावर थंड होणारी, चंदेरी, नवी गाडी घेऊन थेट अंगणात. सगळी रांग वळून बघायला लागली.

"ओटमार, ही घ्या किल्ली," डॉक्टर उतरता उतरता म्हणाले, आणि मी त्यांच्यावर झेपच घेतली.

"डॉक्टर पण सफरचंदं घेऊन आलेत!"

डॉक्टर अस्सल आमच्याकडचे. त्यांनी पोती पाहिली, कापड पाहिलं, माझं तोंड पाहिलं आणि किल्ली खिशात टाकली. "हो तर," ते म्हणाले, "पण घरीच विसरलो. घेऊन येतो." आणि गेले. गाडीचा आवाजसुद्धा आला नाही. ती मला जी काय बघायला मिळाली ती एवढीच.

"काढा आता ते कापड," रोमिंगरबाई म्हणाल्या. "किती वेळ उभं राहायचं?"

त्यांनी कापडाचं टोक धरलंसुद्धा. माझ्या डोळ्यांपुढून गाडी, वाल्ली, उरलेलं आयुष्य असं सगळं सरकून गेलं. तेवढ्यात चर्चच्या घड्याळाने एकचा टोला दिला, आणि देव आहे हे मला पटलं.

"एक वाजला!" मी ओरडलो. "एक ते तीन शांततेची वेळ. यंत्राचा आवाज फार होतो. नियम म्हणजे नियम."

बाईंनी टोक सोडलं. आमच्याकडे माणूस सख्ख्या भावाशी भांडेल, पण दुपारच्या शांततेशी नाही. रांग तीन वाजेपर्यंत घरोघरी गेली.

मी गेबहार्डला बोलावून घेतलं. इंजिन सुरू करायची सोय नव्हती, आवाजावरून इमारतीतल्या बाळांनीसुद्धा गाडी ओळखली असती. तेव्हा आम्ही दोघं म्हातारे, एकाला गुडघे नाहीत आणि दुसऱ्याला कंबर नाही, ती कापडासकट ढकलत फाटकाबाहेर घेऊन गेलो. एका पडद्याआडून मला चष्मा चमकल्यासारखा वाटला.

कोपऱ्यावर पोचल्यावर मी धापा टाकत गेबहार्डला म्हणालो, "आणि तू म्हणे, एक थेंब गळत नाही. सगळं अंगण काळं केलंस."

गेबहार्ड थांबला. त्याने कापड ओढून काढलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"ओटमार, लेका, तू मला काहीही बोल. माझ्या बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेव. पण या गाडीला? आता तू पाया पडलास तरी तुला विकणार नाही."

"गेबहार्ड, ऐक तरी."

"नाही म्हणजे नाही."

"बरं, तुझ्या मळ्यात रस काढायचं यंत्र आहे ना? ते तरी आजच्या दिवस दे."

"उसनं? असल्या तोंडाच्या माणसाला? विकत हवं तर घे."

तो गाडीत बसला आणि त्याने किल्ली फिरवली. तो पंखा, तो खरखराट! चढावरून तो वर वर जात बारीक होत गेला, आणि खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं होतं त्या आवाजात मी आत बसलेला असेन.

मी पैसे मोजले आणि तीनच्या आत गेबहार्डचा ट्रॅक्टर यंत्र घेऊन आला. ओक लाकडाचं, लोखंडी दांड्याचं, कपाटापेक्षा मोठं. तीन वाजता लोक आले. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत मी दांडा फिरवला. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून हात निदान वर उचलता येतात का ते बघायला वेळ मिळाला. यंत्र आणि त्याच्याबरोबर आलेली पिंपं गॅरेजात गेली आणि गॅरेज भरलं.

"अट मी पाळली हं," मी वाल्लीला म्हणालो. "कुणालाही कळलं नाही. डॉक्टरांची नवी अजून मिळेल."

"घ्या की," ती म्हणाली. "ठेवणार कुठे? रस्त्यावर?"

मी गॅरेजला कुलूप लावून आलो.

महिन्याभराने पाटी फिरून पुन्हा आमच्या दाराला आली. शनिवारी झाडू घेऊन खाली उतरलो, तर रोमिंगरबाईंच्या गॅरेजसमोर, त्याच जागी, बशीएवढा काळा डाग. ताजा! गेबहार्डची गाडी जाऊन महिना झाला होता. मी वाकून पाहिलं. गॅरेजच्या दाराखालून तेलाची एक बारीक धार बाहेर येत होती.

बाई हाताची घडी घालून उभ्याच होत्या.

"रोमिंगरबाई," मी म्हणालो, "तुमच्या गॅरेजात काय आहे हो?"

"फ्रीझर."

"फ्रीझरमधून तेल गळतं?"

"जुना आहे," बाई म्हणाल्या. "ह्यांच्या मागे मी एकटीच सांभाळते. रविवारी पहाटे, सगळे झोपलेले असताना, जरा मळ्यांपर्यंत फिरवून आणते." मग त्यांनी आवाज खाली आणला. "चांगला होता हो तुमचाही. त्या कापडाखालच्या पाठीच्या गोलाईवरूनच ओळखला मी. घालवायला नको होतात."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? अख्ख्या गल्लीची पोती आणवलीत माझ्या दारात!"

"वा, ओटमारराव," बाई म्हणाल्या, "रस फुकट मिळत होता की."

मी ब्रश आणायला गेलो. आठवडा माझाच होता.