केदारने पॉवर सप्लाय उघडला

"डब्यावर साडेसातशे वॉट छापलं म्हणजे साडेसातशे वॉट मिळतातच असं नाही, मावशी! आतले पार्ट बघायचे, मग बोलायचं!" डोंबिवलीहून बाळकुमला पोचून घोटभर पाणी प्यायच्या आधीच केदारने स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढला.

मंजुळामावशीला सकाळपासून घोर लागला होता. नोकरी सोडल्यावर लेकीने, रसिकाने, घेतलेलं हे पहिलंच काम. एका बिल्डरला त्याच्या अजून न बांधलेल्या इमारतीची फिल्म आज संध्याकाळी द्यायची होती, आणि ती तयार होता होता कॉम्प्युटर दोनदा बंद पडला होता. त्याला वीज पुरवणारा पॉवर सप्लायच कमजोर निघाला, म्हणून रसिकाने कल्याणहून नवा आणला. आज काम हुकलं तर बिल्डर दुसऱ्याकडे जाणार आणि पोरगी पुन्हा नोकरी शोधत फिरणार!

टीपॉयवर हळदकुंकू लावलेला एक पॉवर सप्लाय होता. नव्या वस्तूला मावशी हळदकुंकू लावते, हे केदारला ठाऊक. म्हणजे नवा तो हाच! त्याने झाकण उघडलं आणि त्याचा चेहराच पडला.

"मावशी, फसवलं गं! हा वीज साठवणारा मेन कपॅसिटर बघ, करंगळीएवढा! ट्रान्सफॉर्मर सुपारीएवढा! पार्ट तापले की उष्णता ओढून घ्यायला जाड पत्रा लागतो, इथे नुसता पापड! हा साडेतीनशेच्या वर गेला तर धूर काढेल!"

"अगं बाई! आणि असाच एक तिने आत बसवलाय की! फिल्म चालू आहे त्याच्यावर!"

मावशीला सगळे काळे डबे सारखेच. केदारला मात्र डोळ्यांसमोर आग दिसली. तो आतल्या खोलीत धावला, टेबलाखाली शिरला आणि दोन्ही हातांनी प्लग उपटला. स्क्रीन काळी! पंखा गप!

"दादा! शेवटचं मिनिट राहिलेलं रे! आता सगळी फिल्म पहिल्यापासून!" रसिका किंचाळली.

"जळण्यापासून वाचवलं तुला! तो नवा उघडून बघितला मी. भंगार आहे भंगार!"

रसिकाने बाहेर येऊन टीपॉयवरची चिरफाड पाहिली. "हा जुना आहे, दादा. नवा आत लावलाय. आत्ता तू बंद पाडलास तो!"

"मग हळदकुंकू?"

"निरोपाचं," मावशी म्हणाली. "वर्षभर राबला बिचारा. भंगारवाल्याला असाच कसा द्यायचा?"

"आणि हा जुना तूच निवडून दिलेलास," रसिका म्हणाली. "हातावर तोलून म्हणालेलास, दणकट आहे!"

रसिकाने बिल्डरला फोन लावला. "सर, सकाळपर्यंत वेळ मिळेल का? घरात लाईट गेलेली."

केदारला आपल्या बहिणीचा इतका अभिमान पूर्वी कधी वाटला नव्हता.

"लाईट कुठे गेली?" मावशी स्वयंपाकघरातून ओरडली. "केदारने प्लग उपटला!"

रसिकाने फोनवर हात ठेवला, पण बिल्डरने ऐकलं होतं. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत राहिला. ती नुसतीच "हो सर... मावसभाऊ सर... चालेल सर" म्हणत होती. शेवटी तिने फोन ठेवला.

"काय झालं? काम गेलं?" केदारने घाबरत विचारलं.

"नाही. सकाळपर्यंत वेळ दिलाय. पण त्यांची एक अट आहे."

"कसली?"

"फिल्म हातात पडेपर्यंत तू बाळकुममध्ये दिसायचं नाहीस!"

केदार मुकाट्याने चपला शोधू लागला.