रविवारचं जुनिपर

जुनिपर मेलंय हे बोन्साय क्लबला कळू द्यायचं नाही, असा मोतीलालनानांचा बेत अगदी पक्का होता. आणि हे झाड त्या बाबतीत भलतंच सोयीचं. मुळं कुजली तरी पुढे महिना-दीड महिना वरून हिरवंगार दिसतं.

झाड मंदाबाईंचं, म्हणजे नानांच्या बायकोचं. जळगावच्या उन्हाळ्यात कूलरजवळ ठेवून त्यांनी ते पोरासारखं जगवलेलं. त्या फाल्गुनात गेल्या. माती सुकल्याशिवाय पाणी नको, एवढं सांगायचं राहून गेलं, आणि नानांनी मायेपोटी येता-जाता तांब्या ओतला. आता क्लबची तीन माणसं दर रविवारी यायची ती या झाडासाठीच. झाड गेलं म्हटल्यावर कोण येतंय? बाकीचा आठवडा नाना रेडिओशीच बोलत.

या रविवारी भिकुअक्का, रुपचंदभाऊ आणि जीवरामसर झाडाला आकार द्यायला तारा-कात्र्या घेऊनच आले.

"ही फांदी खाली वाकवू," सर म्हणाले.

"आज नको, अमावस्या आहे," नाना म्हणाले.

"तुम्ही कधीपासून अमावस्या पाळायला लागले?" सरांनी तार गुंडाळली, वाकवली. कट्ट. फांदी हातात.

"उन्हानं कडक झाली असेल," नाना घाईनं म्हणाले. "चहा टाकतो."

चहा येईपर्यंत दुसरी मोडली होती. "राहू द्या," अक्का म्हणाली, "साल सोलून खुंट पांढरा करू. जुनिपरला वाळकं लाकूड शोभतं." मग तिसरी मोडली, तिचाही खुंट सोलला. रुपचंदभाऊंनी शेंड्याला नुसता हात लावला, तर शेंडाच आला. दुपारपर्यंत कुंडीत एक पांढरं हाडूक उभं होतं. हिरवं औषधालाही उरलं नाही.

नानांचा धीर सुटला. "मीच मारलं हो तिचं झाड. पाणी घालून घालून मारलं," म्हणत ते ढसाढसा रडले.

अक्कानं पाठीवर हात ठेवला. "आमले बठ्ठं, सगळं माहीत शे, नाना. मागच्या महिन्यातच मी नखानं साल खरवडून पाहिली होती."

"मग येत कशाला होते?"

सर चष्मा पुसत बसले. शेवटी रुपचंदभाऊ म्हणाले, "चहासाठी तर नक्कीच नाही, नाना. मंदाताई साखर घालायच्या."

मग तारा पिशवीत भरत ते म्हणाले, "पुढच्या रविवारी खोड घासायला घेऊ. वर्षभर तरी पुरेल हे काम."

नानांनी डोळे पुसले, मान हलवली आणि सवयीनं झाडाला तांब्याभर पाणी घातलं. आता त्यानं काय बिघडणार होतं म्हणा.