दुसऱ्या मजल्यावरचं बंदर

आमच्या सोसायटीच्या बी विंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, एका गुरुवारी सकाळी कॅमेरूनचा झेंडा लागला. घाटकोपर पूर्वेचा आणि कॅमेरूनचा काही संबंध असेल तर तो मला माहीत नाही. त्याआधी तिथे आठवडाभर ब्राझील होता, त्याआधी अर्जेंटिना. मी सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणजे बाकीच्या सगळ्यांनी नकार दिल्यावर जो माणूस उरतो, तो. तेव्हा विचारायला जाणं मलाच भाग होतं.

दार परबकाकांनी उघडलं. चष्मा कपाळावर, ओठांत दोन टाचण्या, हातात हिरवं कापड. मी काही बोलायच्या आत टाचण्या काढून म्हणाले, "कॅमेरून म्हणजे काय ता ठावक आसा तुका? सुंगटां!"

सुंगटां म्हणजे कोळंबी, इतपत मालवणी मला येतं.

"पोर्तुगीज इले, नदीत बघतत तर सगळी सुंगटांच. नाव ठेवल्यानी सुंगटांची नदी. त्याचाच झाला कॅमेरून. आता तुझ्या घाटकोपराचा नाव कशावरून, ता सांग."

मी कधी विचारच केला नव्हता. पस्तीस वर्षं इथे राहतोय. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तक्रार न करताच खाली आलो.

परबकाकांनी उभा जन्म गोदीजवळच्या एका दुकानात शिलाईमशीनवर काढला. तिथे जहाजांसाठी ताडपत्र्या आणि बावटे शिवत. जहाज परक्या देशाच्या बंदरात शिरलं की त्या देशाचा बावटा मानाने वर चढवायचा, अशी दर्यावर्दी लोकांची रीत आहे. यजमानाला नमस्कार करावा तसं. म्हणून प्रत्येक जहाजाला जगभरचे बावटे लागतात. काकांनी ते हजारांनी शिवले आणि शिवता शिवता देशांची नावं कुठून आली तेही गोळा केलं. त्यांच्यासमोर 'झेंडा' म्हणायची सोय नव्हती. "झेंडो मिरवूक असता, बावटो सांगूक," म्हणायचे. काय सांगायला, ते मी कधी विचारलं नाही. एक प्रश्न विचारला की चार देश ऐकावे लागत.

जिन्यात गाठून ते माहिती देत. बार्बाडोस म्हणजे दाढीवाले. अर्जेंटिना म्हणजे चांदी, "आणि तिकडे चांदी गावलीच नाय, फसले मेले." सिंगापूर म्हणजे सिंहपूर, "आणि सिंह एक नाय." जगातल्या निम्म्या देशांची नावं गैरसमजातून पडली आहेत, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. दुसऱ्यांची फजिती त्यांना मनापासून आवडायची. इंडोनेशियाचा बावटा उलटा लावला की पोलंड होतो, ही त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट. ती मी अकरा वेळा ऐकली.

आमचा वॉचमन थापा एकदा लाडीगोडीने म्हणाला, "काका, एक दिन नेपाल का भी लगाओ ना."

"नेपाळाक बंदर खंय आसा?" काका खेकसले.

थापाचा चेहरा पडला. दोन दिवसांनी काकांनी त्याला हातभर लांबीचा नेपाळचा बावटा शिवून दिला, केबिनच्या टेबलावर ठेवायला. ते दोन त्रिकोण शिवताना बोटांची वाट लागते, हेही ऐकवलं. गॅलरीत मात्र लावला नाही. भूतान नाही, स्वित्झर्लंड नाही, मंगोलिया नाही. ज्या देशाला समुद्र नाही त्याला त्या गॅलरीत जागा नव्हती. मला हे दिसत होतं. मी त्याला म्हातारपणाचा विक्षिप्तपणा म्हणून सोडून दिलं, आणि त्याबद्दल मला आज माझाच राग येतो.

घरात काकी होत्या. पक्षाघातानंतर त्यांचं डावं अंग गेलं होतं आणि दिवस-महिन्यांचा मेळ सुटला होता. पलंग गॅलरीच्या दाराकडे तोंड करून ठेवलेला. मुलगा नितीन जहाजावर असतो, एवढं आम्हाला माहीत होतं. दोन वर्षांत तो कुणाला दिसला नव्हता. जहाजावरच्या माणसांचं असंच असतं, असं आपण म्हणतो आणि लिफ्टचं बटण दाबतो.

मग मालदीवचा बावटा लागला. लाल कापड, मधे हिरवा चौकोन, त्यात पांढरी चंद्रकोर. काकांच्या मते नावाचा अर्थ बेटांची माळ. आमच्या ग्रुपवरच्या विद्वानांच्या मते तो पाकिस्तानचा झेंडा. ए विंगच्या देसाईंनी फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'हे आपल्या सोसायटीत चालतं?' दुपारपर्यंत सत्तर मेसेज झाले. पाणी चार दिवस आलं नव्हतं तेव्हा नऊ आले होते.

रविवारी मीटिंग भरली. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि उभे राहून म्हणाले, "पाकिस्तानच्या बावट्यात लाल रंग नाही. चंद्रकोरीसोबत तारा असतो, इथे तारा नाही. कृपया नीट पाहावं."

काका घाबरले किंवा रागावले की मालवणी सोडून छापील मराठीत बोलतात. त्या दिवशी ते दोन्ही होते. त्यांचं म्हणणं कुणालाच ऐकायचं नव्हतं. "इतका शौक आहे तर आपला तिरंगा लावा ना! कोण नाही म्हणतंय?" देसाई ओरडले आणि टाळ्या पडल्या. ठराव झाला: परदेशी झेंडे बंद, त्या जागी तिरंगा. सोसायटीतर्फे नवाकोरा तिरंगा द्यायचंही ठरलं. सगळे आपल्या मोठेपणावर खूश होऊन समोसे खायला गेले. ठरावावर सही माझी आहे.

सोमवारी दुपारी तिरंगा द्यायला मी आणि देसाई गेलो. काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि तसेच उभे राहिले. देसाईंनी दम धरला नाही. उत्साहाने आत शिरून त्यांनी मालदीव उतरवला आणि स्वतःच्या हाताने तिरंगा बांधला.

पलंगावरून काकींचा आवाज आला, "इलो? झील इलो माझो?"

देसाईंना मालवणी येत नाही, झील म्हणजे मुलगा हे त्यांना कळलं नाही. ते हसून नमस्कार करून निघून गेले. काकांनी मला जिन्यात ओढलं आणि दार लोटून घेतलं.

"तिला वाचता येत नाही," ते म्हणाले. "नितीन जहाजावर चढला तेव्हा मीच तिला शिकवलं. त्याचं जहाज ज्या बंदरात लागेल त्या देशाचा बावटा मी गॅलरीत लावणार. तिने पाहायचं आणि ओळखायचं, पोरगा कुठे आहे. आणि तिरंगा लागला की समजायचं, घरी आला."

"मग चांगलंच झालं की," मी म्हणालो. "कधी येतोय?"

"जहाज त्याने दोन वर्षांपूर्वीच सोडलं. त्याला समुद्र कधी आवडलाच नाही. मी पाठवला. मला जाता आलं नाही म्हणून मी त्याला पाठवला. परत आला, म्हणाला अंधेरीत ऑफिसात नोकरी मिळालीय. मी म्हटलं, पळून आलेल्याला या घरात जागा नाही. ऑफिसचा पत्ता टेबलावर ठेवून तो गेला. महिन्याभरात ही पडली."

"त्याला कळवलं नाहीत?"

"त्याने दोनदा फोन केला. मी उचलला नाही. तिसऱ्यांदा आला नाही."

दोन वर्षं हा माणूस बसून जहाजाचा मार्ग आखत होता. माल कुठे चढेल, किती दिवस लागतील, सगळं हिशेबात धरून बावटे बदलत होता. आणि मुलगा मेट्रोने अर्ध्या तासावर होता.

मला इतका संताप आला की मी वडीलधाऱ्या माणसाशी बोलू नये तसं बोललो. "चप्पल घाला," म्हटलं, "आत्ताच्या आत्ता."

माझी बायको काकींजवळ बसली. आम्ही निघालो तेव्हा काकी तिला सांगत होत्या की त्याला सुरमईचं कालवण लागतं आणि तिखट बेताचं घाल.

अंधेरीला ऑफिसच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. आम्ही पलीकडे उभे राहिलो. पाऊण तासाने नितीन बाहेर आला. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, बरोबर तिघं-चौघं, कसल्यातरी गोष्टीवर हसत होता. मी काकांच्या पाठीला हात लावला. ते दोन पावलं पुढे गेले. तोंड उघडलं. जगातल्या दीडशे देशांची नावं सांगणारा माणूस, त्याला पोराला हाक मारता येईना.

नितीनने ग्लास ठेवला, टपरीवाल्याशी काही बोलला आणि आत गेला.

"झील जाड झालो," काका म्हणाले. "बरा दिसता. चल."

"मी बोलावतो त्याला."

"तू हात लावू नकोस यात," ते छापील मराठीत म्हणाले. मेट्रोत पूर्ण वेळ खिडकीकडे तोंड करून बसले. मला त्यांची दया येत नव्हती, खोटं कशाला सांगू. त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं.

घरी काकी उशीला टेकून बसल्या होत्या. माझ्या बायकोने त्यांची वेणी घातली होती, वर अबोली माळली होती. पलंगाशेजारी पाट, पाटासमोर वाढलेलं ताट. काका थेट गॅलरीत गेले. तिरंगा सोडला, नीट घडी घालून कपाटात ठेवला आणि मग येऊन पलंगाच्या कडेला बसले.

"जहाज लागला गो मुंबैक," ते म्हणाले. "पण उतरूक सोडल्यानी नाय कोणाक. रातोरात सुटता."

काकींनी गॅलरीच्या रिकाम्या दांडीकडे पाहिलं. मग उजव्या हाताने त्यांनी काकांचा हात थोपटला.

"असू दे," म्हणाल्या. "जवळसून तरी गेलो."

मग मला म्हणाल्या, "तू बस रे. ताट थंड होता." मी नितीनच्या पाटावर बसून जेवलो. तिखट बेताचं होतं. काका आत मशीनवर बसले होते, आणि मशीनचा आवाज येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत श्रीलंकेचा बावटा होता, तलवार घेतलेला सिंह. देसाईंनी ग्रुपवर लगेच फोटो टाकला: 'ठरावाचं काय झालं, सेक्रेटरी?'

मी लिहिलं, 'जहाज कोलंबोला आहे.'

'कोणतं जहाज?' असं चौदा जणांनी विचारलं. नितीनच्या ऑफिसचा पत्ता एका कागदावर लिहून पाकिटात ठेवलाय. रोज अंधेरीची मेट्रो पकडायची ठरवतो, आणि त्याआधी मान वर करून बी विंगची गॅलरी बघतो आणि मागे फिरतो.