चार भोकांची चौकट

सिस्टरबाईंनी चकमकीच्या दगडाच्या कपच्या दोऱ्याला बांधून खिडकीत टांगल्या. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे आणि त्यांचं टेबल नेमकं त्या खिडकीखाली होतं. तिसऱ्या दिवशी कपच्यांच्या धारेनं दोरे तुटले आणि एका उघड्या मनगटी घड्याळावर सव्वीस कपच्या धडाधड कोसळल्या. घड्याळाची स्प्रिंग गायब झाली.

"अगं, दोन तास शोधतोय! हाताला नुसते दगड लागताहेत!"

"दगड काय म्हणता? हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी हत्यार घडवताना उडालेल्या कपच्या आहेत त्या. अजून धार बघा."

"बघितली," घड्याळजी अंगठा चोखत म्हणाले.

निवृत्तीनंतर गुडघ्यांसाठी बाईंना रोज चालायला सांगितलं होतं. टेकडीवर चालताना खाली बघायची सवय लागली आणि दीड वर्षात दोनशे सतरा कपच्या घरी आल्या. आधी त्या पुस्तकांच्या फळीवर मांडल्या, तर धूळ पुसताना फडक्याच्या चिंध्या झाल्या. मग बरणीत भरल्या, तर एकही धड दिसेना. आता दोरेही गेले.

"हलणार नाही असं काहीतरी कर," घड्याळजींनी निर्वाणीचं सांगितलं, "नाहीतर डब्यात भर."

डबा बाईंना मंजूर नव्हता. आणि बत्तीस वर्षं हाडांच्या वॉर्डात काढलेल्या बाईला, हलू द्यायचं नाही म्हटल्यावर सुचणार तरी दुसरं काय? संध्याकाळी त्या प्लास्टरची पिशवी घेऊनच घरी आल्या.

लाकडी चौकटीला तारेची जाळी ठोकली. जाळीवर प्लास्टर, त्यात कपच्या, असा बेत होता. पण जाळी मधोमध खाली बसू लागली.

"अहो, खालून जरा उचलून धरा."

पकड नीट यावी म्हणून घड्याळजींनी चार बोटं जाळीतून वर काढली. बाईंचा सगळा जीव कपच्यांच्या रांगेत. बोटांच्या आजूबाजूनं प्लास्टर थापत त्या म्हणाल्या, "हलू नका." घड्याळजी हलले नाहीत. एक्केचाळिसावी कपची बसली.

"झालं. सोडा आता."

"सुटत नाही."

"ओढा."

"ओढतोय. सुटत नाही!"

बाईंनी जाळीखालून बघितलं, बोटांची नखं दाबून बघितली. "रंग चांगला आहे, रक्त फिरतंय. चला, दवाखान्यात."

रस्त्यानं चौकट हातावर पेलत घड्याळजी पुढे, पडू नये म्हणून दुसरी बाजू धरून बाई मागे. "काय, नव्या दुकानाची पाटी का?" चहावाल्यानं विचारलं. घड्याळजींनी मान खाली घातली.

दवाखान्यात प्लास्टर कापणारा बाईंच्याच हाताखाली शिकलेला होता. त्यानं करवत हातात घेतली.

"कपच्यांना धक्का लागता कामा नये," बाईंनी बजावलं.

"आणि बोटांना?" घड्याळजी ओरडले.

"बोटं चार आहेत. ही लांबट कपची एकच आहे."

अर्ध्या तासानं बोटं सुटली. कपच्याही शाबूत राहिल्या. मधोमध फक्त ओळीनं चार भोकं पडली.

बाईंनी चौकट भिंतीवर लावली. दुसऱ्याच दिवशी नणंद आली. ती चौकटीपाशी गेली, तशा बाई माहिती सांगायला सरसावल्या.

"वहिनी, ही भोकं कसली गं?"

"माझ्या बोटांची!" घड्याळजींनी आतूनच उत्तर दिलं आणि तासभर कहाणी सांगितली. कहाणीत करवत हातभर लांब झाली होती. मग शेजारीण आली, गिऱ्हाइकं आली. जो तो भोकांत बोटं घालून बघायचा. कपच्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

बाई हरणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी एकटीनं दुसरी चौकट केली. जाळीखाली विटा लावल्या, निवडक साठ कपच्या बसवल्या. एकही भोक नाही, कुठे चरा नाही. ती पहिलीच्या शेजारी लावली. आठवडाभर येणारे तिच्यासमोरून सरळ पुढे गेले आणि भोकांपाशी थांबले.

रविवारी घरघर ऐकून घड्याळजी बाहेर आले. बाई नव्या चौकटीला ड्रिल लावून उभ्या होत्या.

"अगं, हे काय? माझ्या बोटांचं माप तरी घ्यायचंस!"

"तुमचं कशाला?" तिसरं भोक पाडत बाई म्हणाल्या. "ही माझ्या बोटांची."