अग्निसर्पाच्या पुलाची मोहीम, मुक्काम नोएडा

विघ्नहर्त्यास दंडवत घालून, पाहिले आणि ऐकिले तेवढेच लिहितो. पदरचे तिखटमीठ घालीत नाही.

ज्या साली भाऊसाहेबांची कन्या रुचिरा हिचे लग्न पुण्यास झाले, तेच हे साल, शके एकोणीसशे वीस, बहुधान्य नाम संवत्सर. दिल्लीत कांदा सफरचंदाच्या भावास जाऊन भिडला, तेही हेच. भाऊसाहेब केंद्र सरकारात अवर सचिव. मार्चअखेर अठ्ठावन्न भरून निवृत्त जाहले, आणि मग मे महिन्यात सरकारने फर्मान काढिले की निवृत्तीचे वय साठ. दोन वर्षांची दौलत हातची गेली. मग रामकृष्णपुरमचे सरकारी घर खाली करून खाशी स्वारी कुटुंब कुमुदबाई यांसह नोएडास पुत्राच्या तिसऱ्या मजल्यावर दाखल झाली, आणि खिडकीशी खुर्ची टाकून येत्याजात्या मोटारी पाहात बसली.

पुत्र राजश्री निहारपंत, संगणक कंपनीचे सरदार. कंपनीने त्यांस सहा महिने अमेरिकेच्या मुलखी धाडिले, तेथून त्यांनी एक पेटी आणिली. पेटीतील खेळ ऐसा की, एकाने गुहा, राक्षस आणि वारापाऊस यांचा कारभार पाहावा, बाकीच्यांनी एकेक वीर होऊन आपण काय करतो ते तोंडाने सांगावे, आणि जमले की फसले याचा निवाडा वीस पैलूंच्या फाशाने द्यावा. पंतांचा जीव त्या पेटीत. कचेरीतील दोस्त दोनदा बोलाविले. दोन्ही वेळा ते समोसे फस्त करून मॅच पाहावयास पळाले, आणि पंतांची शिकस्त झाली.

तेव्हा पंतांच्या सौभाग्यवती रेवतीबाईसाहेबांचे फर्मान सुटले की, घर लहान, पेटी थोर. या रविवारी तीन खेळाडू जेवणवेळेपर्यंत मेजावर टिकले तर पेटी राहील, न टिकले तर कबाडीवाल्याच्या तराजूत जाईल. न्यायाने वागावे म्हणून एक गडी बाईसाहेब स्वतः झाल्या.

कार्तिकातला रविवार उजाडला. मातोश्री कुमुदबाई बिनकांद्याचे पोहे करून मेजाशी आल्या आणि कल्पना नामे जादूगारीण झाल्या. भाऊसाहेब मात्र खिडकी सोडीनात. म्हणाले, "संसदेच्या प्रश्नांना उत्तरे देण्यात हयात गेली. आता राक्षसांना देऊ?"

"तिथेही राक्षसच होते, तुम्हीच सांगायचा," मातोश्री बोलिल्या.

निहारपंतांनी मोर्चा फिरवून अदबीने पुसिले की, "बाबा, नुसतं सांगा, तुमचा वीर असता तर वय किती?"

भाऊसाहेबांनी मान वळविली. मग म्हणाले, "एकोणसाठ चालेल?"

"बिल्कुल. तिथे निवृत्ती नाही."

आणि खुर्ची खिडकीकडून मेजाकडे वळली, आणि वीराचे नाव हरिदासराव ऐसे ठरले.

मग फौज गुहेच्या दारी पोहोचली. दारी ताडाएवढा राक्षस, हाती सोटा. पंतांनी तलवारबाजीची तजवीज करून ठेविली होती, परंतु मातोश्रींनी राक्षसास पुसिले की, "उन्हाचे उभे आहात, पाणी घेता का? घर कुठलं तुमचं?" पंत गडबडले. म्हणाले, "आई, तो शत्रू आहे!" मातोश्रींनी फर्मावले, "असू दे. दारात आहे ना?" फासा पडला तो वीस. राक्षस पाणी प्याला आणि दार सोडून बाजूस झाला.

पुढे दरी, दरीवर दोरांचा पूल, पलीकडे खजिना, आणि वर पंखांचा अग्निसर्प घिरट्या घालितो. मसलत झाली की हरिदासरावांनी पूल धरावा आणि दोघी स्त्रियांनी खजिना आणावा. ते सिद्धीस गेले. खजिना आला, सर्पही आला, आणि रेवतीबाईसाहेब ओरडल्या की, "बाबा, चला! पळा!"

भाऊसाहेब हलेनात. म्हणाले, "माझ्याकडून चार्ज कोण घेतंय?"

"चार्ज कसला, बाबा? साप आलाय!"

"साप येवो नाहीतर मंत्री येवो. चार्ज घेणारा आल्याखेरीज जागा सोडता येत नाही."

पंतांनी दोनदा विनवले. मग कारभाऱ्याचा धर्म म्हणून फासा टाकिला. सर्पाने आग ओकिली, आणि पुलासहित हरिदासराव दरीत पडले. परंतु त्या अवधीत दोघी खजिन्यासह पार झाल्या होत्या.

जेवणास अवकाश होता, तिघांतील एक गडी खर्ची पडला, आणि खाली रस्त्यात "कबाडीवाऽला" ऐसी हाळी उठली. रेवतीबाईसाहेबांनी पेटीकडे पाहिले. निहारपंतांनी सोंगट्या गोळा करावयास घेतल्या.

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा लाविला, आणि मग घसा खाकरून म्हणाले की, "पद रिकामं झालं. नवी नेमणूक व्हायला किती दिवस लागतात तुमच्यात?"

पंत उत्तरले, "आत्ता. लगेच."

"छे! आमच्याकडे वर्ष लागायचं," म्हणोन भाऊसाहेबांनी फासा मागितला, आणि कुमुदबाईंस कूकर उशिरा लाविण्याचा हुकूम केला, तो त्यांनी आनंदे मानिला. रेवतीबाईसाहेबांनी सज्जात जाऊन कबाडीवाल्यास सांगितले, "भैया, आज कुछ नहीं है," आणि पेटीस फ्रिजवर कायमची जागा बहाल केली. येणेप्रमाणे मोहीम फत्ते झाली. खेळाडू तीन, पळाला कोणी नाही.

या संग्रामी वीर हरिदासराव, वय एकोणसाठ, कार्तिक वद्य पक्षी, रविवारी, जेवणापूर्वी, सेवेत असता मरण पावले.