अथेन्सचं चप्पल स्टँड

“जोडे काहाडा,” स्नेहलताबाई म्हणाल्या.

“काऊन?” भालचंद्र सरांनी विचारलं.

“वर देवीचं देऊळ आहे म्हने. देवळात का जोडे घालून जातेत?”

सरांनी कपाळाला हात लावला. अथेन्समध्ये, अक्रोपोलिसच्या टेकडीखाली, तिकीट तपासून आत आल्याला दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. साडेदहा वाजले होते. उन्हामुळे बाराला टेकडी बंद होणार, हे टूर मॅनेजर चिन्मयनं बसमध्येच तीनदा बजावलं होतं. त्यावर मागच्या सीटवरून जयमालाबाईंनी, “अडतीस डिग्रीले बंद करतेत! मलकापुरात अडतीसले आमी स्वेटर काहाडतो,” असं ऐकवलंही होतं.

“अवं, ते देऊळ होतं. अडीच हजार वर्षांपूर्वी! आता नुस्ते खांब राह्यले. मूर्ती नाही, पुजारी नाही, घंटा नाही.”

“देवी कोनती?”

“अथेना. विद्येची.”

“अन् तुमी मास्तर!” एवढंच म्हणून स्नेहलताबाईंनी पायऱ्यांजवळच्या झाडाखाली आपल्या चपला नीट जोडीनं ठेवल्या. सरांनी मात्र या प्रवासासाठी घेतलेल्या नव्या बुटांची लेस आणखी आवळून बांधली.

आता सरांना ही घाई का, तेही सांगायला हवं. उंद्रीच्या शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. अथेनाच्या याच देवळाचं, पार्थेनॉनचं, चित्र फळ्यावर काढत असताना सातवीतल्या काजलनं एकदा उभं राहून विचारलं, “सर, तुमी पाह्यलं काय हे?” सगळा वर्ग टक लावून बघत होता आणि सरांच्या तोंडून “हाव” निघून गेलं. झालं! पुढे दरवर्षी पोरं विचारत आणि सर दरवर्षी थोडं थोडं वाढवून सांगत. निवृत्तीच्या समारंभात मुख्याध्यापकांनी ‘अथेन्स पाहून आलेले आमचे सर’ अशी ओळख करून दिली, तेव्हा गळ्यातला हार सरांना टोचायला लागला. चिखलीला घरी पोचल्याबरोबर त्यांनी टूरची चौकशी सुरू केली. मरायच्या आत ते ‘हाव’ खरं करायचं होतं.

आणि इथे बायको चपला काढून बसली होती. तिचं पाहून जयमालाबाईंनी काढल्या. मग टूरमधल्या सगळ्या बायकांनी आणि बायकांच्या धाकानं नवऱ्यांनी. चिन्मय झेंडा घेऊन केव्हाच वर गेला होता, तो असता तर त्यानं कदाचित थांबवलं असतं. मागून एक स्पॅनिश कुटुंब आलं. ओळीनं ठेवलेल्या पंचवीस जोड्या पाहून त्यांना वाटलं, इथला नियमच असेल. त्यांनीही काढले. त्यांचं पाहून जपानी मंडळींनी काढले, मोजेसुद्धा.

“पाहा कसे फेकून राह्यले! एक इकडे, एक तिकडे,” स्नेहलताबाई कळवळल्या. दर गुरुवारी शेगावला जाऊन चप्पल स्टँडवर सेवा करणारी बाई ती. जोड्यांचा ढीग तिला बघवणार कसा? “जयमाला, तुझ्याजवळ रमीचे पत्ते आहेत ना? दोन्ही कॅट दे इकडं.”

पाच मिनिटांत टोकन सुरू झालं. एका कॅटमधली बदाम राणी बुटात, दुसऱ्या कॅटमधली बदाम राणी मालकाच्या हातात. लोक रांगेत उभे राहिले. रांग पाहून आणखी लोक आले.

“सोड ना बे हे!” सर ओरडले. बायकोला ‘बे’ म्हणण्याची पस्तीस वर्षांतली ही पहिलीच वेळ. “अकरा वाजले!”

“झालं, झालं. किलवर दश्शा कोनाले देल्ला?”

एवढ्यात गळ्यात शिट्टी अडकवलेला पहारेकरी आला. “हे काय आहे?” त्यानं इंग्रजीत विचारलं.

“ही माझी बायको आहे,” सर म्हणाले. यापेक्षा जास्त खुलासा त्यांना सुचला नाही.

“इथं जोडे काढायचा नियम नाही.”

“तो म्हनते, नियम नाही,” सरांनी सांगितलं.

“त्याले म्हना, नियम नसला तरी रीत असते. अन् उन्हात काऊन उभा आहे बाप्पा? सावलीत ये म्हना.”

पहारेकरी सावलीत आला. सगळे जोडे ज्याचे त्याला परत मिळेपर्यंत इंग्रजी बोलणाऱ्या सरांनी इथून हलायचं नाही, असं त्यानं बजावलं. सर चरफडत उभे राहिले. वरून लोक पाय भाजून उड्या मारत खाली येऊ लागले. स्नेहलताबाई “इस्पिक गुलाम!” म्हणून हाक देत आणि थोड्या वेळानं पहारेकरीच बूट शोधून द्यायला लागला. सर घड्याळ बघत होते. साडेअकरा. पावणेबारा.

“मी चाललो!” सर गरजले. “तू अन् तुझे जोडे, दोघं बसा इथंच!”

“तुमचे ठेवून जा. जोकर उरला आहे.”

“नाही ठेवत! पायात राहतीन माह्या!”

वयाच्या साठाव्या वर्षी सर दोन-दोन पायऱ्या चढत वर पोचले. समोर पार्थेनॉन होतं. त्यांनी वर्गात सांगितलेली एकही गोष्ट तिथं जुळत नव्हती. खांब कितीतरी मोठे होते, आणि दगड पांढरा नाही, मधासारखा होता. सरांना रडू आलं. “पाह्यलं बाई काजल,” ते पुटपुटले. “आता पाह्यलं.” हात जोडून किती वेळ उभे होते, त्यांचं त्यांना कळलं नाही.

शिट्ट्या वाजल्या. पहारेकऱ्यांनी सगळ्यांना खाली पिटाळलं. अर्ध्या वाटेवर सरांचे तळवे चटचट भाजायला लागले, म्हणून त्यांनी खाली पाहिलं. बूट नव्हते! केव्हा काढले, कुठे काढले, काही केल्या आठवेना. ते मागे वळले, तर वर साखळी लागली होती. “उद्या या,” तिथला माणूस म्हणाला. टूरची बोट दोन वाजता सुटणार होती.

झाडाखाली आता एकही जोडा नव्हता. सगळे ज्याचे त्याला पोचले होते. पहारेकरी रुमालानं घाम पुसत होता आणि स्नेहलताबाई दोन्ही कॅट वेगळे करत होत्या. त्यांनी सरांच्या पायांकडे पाहिलं. मग चेहऱ्याकडे पाहिलं.

“काहाडले ना शेवटी?” त्यांचा आवाज मऊ झाला.

“काहाडले.”

“कुठी ठेवले?”

सरांनी टेकडीकडे बोट दाखवलं. स्नेहलताबाईंनी एक सुस्कारा सोडला आणि सवयीनं हात पुढे केला.

“टोकन?”