कमेलिया आत झोपते

ढगातलं झाड नेकनूरच्या शिवारात जगवून दाखवीन, अशी पैज मी लावली होती. स्वतःशीच! दूध सोसायटीचा सचिव म्हणून जन्म काढलेला माणूस मी. नासकं दूध सोडलं तर काहीही सांभाळतो, असा माझा लौकिक!

लेक संजीवनी शिलाँगला असते, जावई फौजेत. दसऱ्याला आली तेव्हा कमेलियाची कुंडी देऊन गेली. झाड चहाच्या जातीचं, फूल मात्र गुलाबासारखं. म्हणाली, "नाना, थंडीत आत घ्या, पाणी कमी पडू देऊ नका. फूल आलं की बघायला येते मी." तिची आई गेल्यापासून या घरात माझा आवाज फक्त खोकताना ऐकू येतो. ते फूल मला हवंच होतं.

पण साल पडलं दुष्काळाचं! टँकर सोसायटीच्या दारात लागायचा, माणशी दोन घागरी. वाटप बंकटकडे. मी तिसरी घागर पुढे सरकवली.

"नाना, तुमी तर एकटे. ही कामून?"

"कमेलिया आलीय ना घरी."

"कमलाबाई? कुठली?"

"शिलाँगची. लई नाजूक हाय. थंडीत आत झोपवतो, वरून माझी शाल."

रांगेतली भांडणं एकदम थांबली.

"या वयात, नाना?"

"हौसेला वय नसतं रे! अन् आता तर धरलंय तिनं. संक्रांतीपतूर मोकळी व्हईल!"

बंकटनं आ वासला. मग आपल्या हातानं चौथी घागर भरून दिली. "दोन जिवांची हाय म्हणल्यावर घ्या." बागकामाची एवढी कदर गावात आहे, हे मला माहीतच नव्हतं!

संध्याकाळी दार वाजलं. शेजारच्या छबुबाई आणि तुळजाबाई नारळ, खण घेऊन हजर. मागून तात्याबा, सोसायटीचे जुने चेअरमन, कपाळाला आठ्या घालून. मागून अर्धी आळी! किती दिवसांनी घर असं भरलं होतं. मी इतका हरखलो, की कशासाठी आलात हेही विचारलं नाही. कमेलियाच्या पाण्याचा चहा करून सगळ्यांना पाजला.

"सुंदरराव, तोंड तरी दावा तिचं," तात्याबा गुरकावले. "समाजाला काय सांगायचं आमी?"

"थंडी लागंल हो तिला," म्हणत मी आतून तिला उचलून आणली आणि शाल काढली.

कुंडी!

आधी छबुबाई हसल्या, मग छपराचे पत्रे हलेपर्यंत सगळे हसले. आणि हसत हसत निघून गेले. तुळजाबाईंनी तर खणसुद्धा परत नेला! कपबश्या उचलताना मला फार वाईट वाटलं. हसले म्हणून नाही, गेले म्हणून.

पण 'नानांनी बाई आणली' असा फोन छबुबाईंनी रांगेतूनच शिलाँगला लावला होता, आणि हसण्याच्या भरात खरं कळवायचं राहूनच गेलं. तिसऱ्या दिवशी विमान, रेल्वे, एसटी करत संजीवनी दारात उभी. "कुठं हाय ती?"

मी कुंडीकडे बोट केलं. ती ओट्यावर बसून रडेपर्यंत हसली. पिठलं-भाकरी खाल्ली. कळी अजून घट्ट मिटलेली होती. मुलांची परीक्षा होती, सकाळच्या गाडीनं निघाली. "राहा की," असं म्हणायचं होतं मला. तोंडातून निघालं, "पाण्याची बाटली घेतली का?"

ती गेली आणि फूल आलं. लालभडक! मी घाईघाईनं फोन केला.

"फोटो पाठवा की, नाना!"

मी विचारात पडलो. मग पेटीतून संजीवनीच्या आईचं हिरवं पातळ काढलं, कुंडीमागच्या दारावर टाकलं. नुसता पदर दिसावा, कुणी बाईमाणूस आडोशाला उभं आहे असं वाटावं, अशा बेतानं फोटो काढून पाठवला. लगेच फोन वाजला! म्हटलं, बॅग भरली पोरीनं!

"नाना, ते आईचं पातळ हाय. उन्हात टाकू नका, रंग उडतो. अन् फूल छान हाय हं."

मी पातळाची घडी घातली. तिरकी आली. पुन्हा घातली.